अळणी खोली

गेल्या महिन्यात नातवाच्या ओळखीच्या डॉक्टरने माझं मीठ तोडलं. "आजी, हृदय थकलंय थोडं, म्हणून पायाला सूज आहे. आता जेवण अळणी," असं तो अगदी हळू, जपून म्हणाला, जणू माझं शेत कुणी दुसऱ्याच्या नावावर केलंय. सून रडवेली झाली. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. आणि मला हसू आलं. त्या पोराला ते हसणं काही ठीक वाटलं नसावं, कारण त्याने लगेच माझ्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली.

त्याला कुठे ठाऊक, की त्याचे वडीलही जन्मले नव्हते तेव्हा मी वाशीमच्या दवाखान्यात नर्स होते आणि ज्या खोलीत काम करायचे तिला सगळा गाव ‘अळणी खोली’ म्हणायचा. खरं म्हणजे ‘अयनी खोली’. आमच्याकडे ळ कुणाच्या तोंडात टिकत नाही, त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, हळदीची हयद. आमचे डॉक्टर कोकणातले. त्यांच्याकडे तिकडून येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं की इथे अयन नावाचा कुणी दाता होऊन गेला असावा आणि खोली त्याच्या नावाची असावी.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. गावात त्यांना पाणीडॉक्टर म्हणत, कारण ते येईल त्याचं पाणी मोजत. प्यायलेलं मोजत आणि गेलेलंही मोजत. सूज आणि धाप घेऊन आलेला प्रत्येक माणूस हृदयाचा रोगी नसतो. कुणाचं मूत्रपिंड बिघडलेलं असतं, कुणाच्या अंगात रक्तच नसतं. त्यांतून हृदयाचे वेगळे कसे ओळखायचे, आणि एका परदेशी झाडाच्या पानाचा अर्क देऊन आणि मीठ तोडून त्यांना किती बरं वाटतं, हे डॉक्टरांना नीट पारखून पाहायचं होतं. मोठ्या शहरात हृदयाची रेघ काढणारी यंत्रं आली होती म्हणे. आमच्याकडे एक नळी, एक घड्याळ, मोजपात्रं आणि मी.

मी म्हणजे काय, तेही सांगते. माझे बाबा बाजारात मापारी होते. ज्वारी-तुरीची रास पायलीने मापायची, हे त्यांचं काम. नर्सचं शिक्षण घेऊन आले तेव्हा माझ्या डोक्यावर कांजी केलेली पांढरी टोपी आणि छातीवर टाचलेलं घड्याळ होतं. घड्याळात मी कुणी विचारलं नाही तरी बघायचे. टोपी एवढी ताठ, की दारातून जाताना मी मान वाकवायचे, आणि दार तर माझ्यापेक्षा हातभर उंच होतं.

माणसं तोलायला दवाखान्यात काटा नव्हता. डॉक्टर म्हणाले, सुजेचं पाणी डोळ्यांना फसवतं, काट्याला फसवत नाही. मग बाबांच्या ओळखीने बाजारातला एक जुना लाकडी काटा आला. पडवीच्या तुळईला तो टांगला. एका बाजूला लोखंडी वजनं, दुसऱ्या बाजूला दोरांनी बांधलेला पाट. रोज सकाळी पाटावर रोगी बसवायचा. मेडशीचे एक म्हातारे शेतकरी, नारायणराव, पाटावर बसले की हात जोडून म्हणायचे, "करा बाप्पा माहा तुलाभार. गुळानं तोलता का सोन्यानं?"

"लोखंडानं, बाबा."

"मंग उतरवा मले. एवढा सस्ता नाई मी."

हृदय म्हणजे काय, हे डॉक्टर लोकांना मोटेवरून सांगत. बैल दमले की मोट अर्धीच भरून येते, पाटाला पाणी पुरत नाही, आणि खालच्या अंगाला डबकं साचतं. तसं पायात साचतं, मग पोटात, मग छातीत. आणि मीठ कशाला तोडायचं? "पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी ठेवली तर काय होतं?" ते विचारत. "पानी सुटते," बाया म्हणत. "पाणी सुटत नाही, मीठ ते ओढून घेतं. अंगातही तेच करतं." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. आणि गरज पडली तेव्हा मला ते बिलकूल आठवलं नाही. ते पुढे येईल.

निदानाचा एक प्रश्न डॉक्टर शिकून आले होते. रात्री किती उशा लागतात? हृदय थकलं की आडवं झाल्यावर धाप लागते, म्हणून माणूस उशांवर उशा रचतो. जितक्या उशा जास्त तितकं दुखणं पुढे गेलेलं. प्रश्न चांगला, पण तो उशीवाल्यांच्या देशातला. नारायणरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "उशी कायले? हात हाय ना." डॉक्टरांनी लिहिलं, उशी नाही, म्हणजे दुखणं नाही. मी मान डोलावली. घड्याळही बघितलं.

नारायणराव उठता उठता पुढे म्हणाले, "पण आता हातबी नाई लागत साहेब. दिवाळीपासून भिंतच माही उशी झाली. टेकून बसतो, तवा कुठं डोया लागते."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. त्या दिवसापासून प्रश्न बदलला. "निजता येते, का भिंतीले टेकून रात काढा लागते?" डॉक्टर तो वऱ्हाडीतच विचारत, कोकणी हेल काढून. रोग्यांना एवढं हसू येई की धाप वाढे, आणि तेवढ्यानेही निदानाला मदतच होई.

नाडीची गंमत याहून मोठी. काही रोग्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. छातीत ठोका पडतो, पण त्यात जोर नसतो, तो मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणून दोघांनी एकाच वेळी मोजायचं. डॉक्टरांची नळी छातीवर, माझं बोट मनगटावर, मध्ये एक घड्याळ. दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढे ठोके वाया. औषध लागू पडलं की अंतर कमी होतं. हे काम मला फार आवडायचं. मी मोठ्याने मोजायचे, म्हणजे माझी हुशारी पडवीपर्यंत ऐकू जावी.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मोजायला सुरुवात करता तेव्हा आधी काहीतरी पुटपुटता. देवाचं नाव घेता का?"

"नाही साहेब. लाभ म्हणते."

"लाभ?"

"लाभ म्हणजे एक. रास मापताना पहिली पायली पडली की एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बाबांची सवय लागली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटत होतं की लाभ म्हणजे माझी तयारी, आणि पहिल्याच ठोक्याला मी थेट दोन म्हणते. म्हणून इतके दिवस ते माझ्या प्रत्येक आकड्यातून एक वजा करत होते. सगळे कागद परत काढले. मी म्हटलं, "यापुढे एक म्हणेन." ते म्हणाले, "नको. लाभच म्हणा. मी वजा करणं बंद करतो." आता तुम्हीच सांगा, असा वरिष्ठ सगळ्यांना मिळतो का?

आता रुखमाची गोष्ट. ती इंझोरीहून बैलगाडीत आली, उतरण्याएवढाही श्वास नव्हता. वीस-बावीसची पोर, पदरात एक लेकरू, ते घरी जावेकडे ठेवलेलं. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेलेला. तो ताप सांध्यांतून जातो पण हृदयाच्या झडपेला डाग ठेवून जातो, आणि पुढे बाळंतपणात ते हृदय उघडं पडतं. सोबत सासू, ठगूबाई. सडपातळ, काटक आणि तोंडाची तिखट. मी टोपी सावरत पुढे झाले तर मला म्हणाली, "बाई, डोक्यावरचं ते खाली ठेव अन् हात लाव. माह्या एकटीच्यानं सून उचलनं होत नाई, सुजेनं लई जड झाली."

त्या वेळी रोग्याचं जेवण घरचेच रांधत. पडवीच्या टोकाला तीन दगडांच्या चुली. डॉक्टरांनी ठगूबाईला समोर बसवून सांगितलं, जेवणात मिठाचा कण नको. ठगूबाई म्हणाली, "नाई घालत." पानाच्या अर्काचे थेंब सुरू झाले. पहिल्या आठवड्यात रुखमा काट्यावर हलकी होत गेली, माझ्या हाताखाली तिची नाडी शहाण्यासारखी चालायला लागली. आम्ही खूश. मग काटा थांबला, आणि पुढे उलटा फिरला. पाय पुन्हा भरले. रुखमा पुन्हा भिंतीला टेकली.

डॉक्टरांनी रोज विचारलं, "मीठ घालता का?" ठगूबाईने रोज सांगितलं, "देवाची शपथ, जेवनात नाई घालत." मी चुलीवरची भाजी स्वतः चाखली. खरोखर अळणी. तेव्हा डॉक्टरांना वाटलं, अर्कच कमजोर आलाय. तो परदेशातून येई, वाटेत उन्हात पडला तर त्याचा जोर जाई. त्यांनी थेंब वाढवले. काटा तरीही वरच. दोन दिवसांनी पुन्हा वाढवायचं ठरलं.

हे थेंब म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. बेताने दिले तर हृदयाला आधार, जास्त झाले तर विष. आधी अन्न नकोसं होतं, मग उलट्या, मग डोळ्यांना भलतेच रंग दिसतात, आणि शेवटी हृदय चालायचंच थांबतं. हे सगळं मला पाठ होतं.

त्या दिवशी सकाळी रुखमाने भाकरीचा तुकडा बाजूला सारला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमची टोपी पिवयी दिसून राह्यली."

मला जी लाज वाटली! मी तशीच मागे गेले, टोपी साबणात बुडवली, नीळ घातली, पुन्हा कांजी केली आणि उन्हं येण्याची वाट बघत बसले. मळभ होतं, टोपी वाळेना. पाठांतर माझ्या डोक्यात होतं आणि डोकं माझ्या टोपीत.

बोडक्या डोक्याने परत आले तर ठगूबाई सुनेजवळ बसलेली, पदराची गाठ मुठीत. ती गाठ ओली होती. चार दिवस मी ती ओलीच बघत होते. आत काय म्हणून एकदा विचारलंही होतं. "तंबाखू," ती म्हणाली होती. पण मी त्या काळात कादंबऱ्या वाचायचे. मला कळून चुकलं होतं की ही वरून तिखट बाई चोरून रडते आणि पदराच्या गाठीने डोळे पुसते.

डॉक्टर थेंबांची बाटली घेऊन आले. त्यांनी विचारलं, "आज टोपी कुठे?" मी म्हटलं, "रुखमाला पिवळी दिसत होती, म्हणून धुतली." आणि तेवढ्यावर न थांबता हळूच सांगितलं, "साहेब, सासू फार मायेची आहे. रडून रडून पदराची गाठ ओली असते तिची."

डॉक्टरांनी बाटली खिडकीत ठेवली. "टोपी पिवळी नव्हती," ते म्हणाले. "आणि रडून पदर भिजतो. एकटी गाठ कशी भिजेल?"

बरणी मला तेव्हा आठवली.

डॉक्टर रुखमाजवळ गेले, नाडी बघितली, विचारलं, "आणखी काय काय पिवळं दिसतं?"

"भिंत. तुमचा कोट. आत्याबाईचं तोंडबी."

मग ते ठगूबाईपुढे जमिनीवर बसले. "माय, गाठ सोड."

ठगूबाईने सोडली. आत खड्याचं मीठ, पाणी धरलेलं.

"तू शपथ घेत होतीस."

"खरी शपथ घेतली म्या. जेवनात कन नाई घातला. जेवन झालं का खडा देतो तिच्या जिभेवर. वरतून."

"पण का?"

रुखमा खाली बघत होती. ठगूबाई बोलली, तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "साहेब, माह्या घरात अयनी दोनदा रांधलं. एकदा माह्या पोरीवर, एकदा मालकावर. मानूस गेलं का सुतकात रांधतात ते. बिनमिठाचं, बिनहयदीचं, बिनफोडनीचं. तुमी म्हनता, ते जित्या सुनेच्या ताटात वाढ. रोज वाढतो. रोज वाटते, मीच हिचं सुतक धरून राह्यलो. मंग खडा देतो. म्हनजे तिचं जेवन मेलेल्याचं राहत नाई."

पडवीत सगळे ऐकत होते. पलीकडून नारायणरावही भिंत सोडून वाकले होते.

मला वाटलं, आता डॉक्टर रागावणार. ते म्हणाले, "आज मी थेंब आणखी वाढवणार होतो. औषध पाणी काढत होतं, मीठ ते परत भरत होतं, आणि मला वाटत होतं औषधच खोटं. आधीच जास्त झालेत, म्हणून तिला सगळं पिवळं दिसतंय. आज वाढवले असते तर ही पोर उद्या नसती. मी तुला मीठ जेवणात घालतेस का एवढंच विचारलं. अळणी वाढताना तुला काय वाटतं ते विचारलं नाही."

ठगूबाईने ओला खडा मुठीत दाबला, आणि मग तो चुलीच्या राखेत टाकला.

"आता सांग," डॉक्टर म्हणाले, "अळणी राहून ते सुतकाचं राहू नये, यासाठी काय करता येईल?"

हा प्रश्न तिला आवडला. ती जरा सावरून बसली, नवऱ्या मुलाकडच्यांशी बोलणी करावी तशी. "हयद चालते?"

"चालते."

"फोडनी? जिऱ्याची, लसनाची?"

"घाल."

"लिंबू?"

"भरपूर."

"अन् एकटीनं कोपऱ्यात बसून नाई खायाचं. सुतकात कोनी पंगत मांडत नाई. पंगत पाह्यजे."

"पंगतीला कोण?"

"हे सारे," तिने पडवीभर हात फिरवला. "अन् तुमी. अन् ही टोपीवाली. तुमी खारं खाता अन् आमाले अयनी वाढता, असं कसं चालन?"

दुसऱ्या दिवशी पडवीत पंगत बसली. डॉक्टर कोणत्या जातीचे आणि ठगूबाई कोणत्या, हे त्या वेळी माणसं नाव विचारण्याच्या आधी बघत. तिने रांधलेलं डॉक्टर मांडी घालून जेवले, ही बातमी बाजाराला दोन दिवस पुरली. पिवळीधमक भाजी, लसणाचा वास, वर लिंबू. मिठाचा कण नाही. नारायणरावांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ठगूबाई, तुह्या हातात मीठ नसूनबी तिखट पुरते." थेंब बंद ठेवले होते. ते पुढे अगदी बेताने पुन्हा सुरू झाले. रोज पंगत बसायची. तेव्हापासून ती अळणी खोली. इतर दुखण्यांचे रोगीही ताट घेऊन येऊन बसत. डॉक्टरांच्या संशोधनाला त्याने फायदाच झाला, कारण सगळे एकाच पातेल्यातलं खाणार म्हटल्यावर कुणाच्या पोटात काय गेलं याचा घोळ राहिला नाही.

काटा पुन्हा उतरायला लागला. आणि एका दुपारी ठगूबाईची किंकाळी ऐकू आली. मी हातातलं भांडं टाकून धावले. ती खाटेशेजारी कपाळ बडवत होती. रुखमा खाटेवर सरळ आडवी, हात पोटावर, तोंड जरासं उघडं. तीन-चार महिने त्या पोरीला कुणी आडवं बघितलं नव्हतं. ती बसायची, टेकायची, बसून डुलक्या घ्यायची. आडवी आणि गप्प म्हणजे सासूच्या लेखी एकच अर्थ. खरं सांगते, माझ्याही लेखी तोच. मी तिचं मनगट धरलं आणि बोट ठेवलं.

"लाभ," माझ्या तोंडून निघालं. "दोन. तीन. चार."

रुखमाने डोळे उघडले आणि चिडून म्हणाली, "काय वं आत्याबाई, जरा निजू द्या ना मानसाले."

ठगूबाई मटकन खाली बसली. मग हसायला लागली, मग रडायला, आणि पदर तोंडाला लावला. सबंध पदर भिजला. या खेपेला माझा अंदाज बरोबर होता.

सगळ्यांचं असं झालं नाही. नारायणराव त्याच हिवाळ्यात गेले, भिंतीला टेकूनच. फाटलेली, चिकटलेली झडप आज उघडून दुरुस्त करतात. आमच्याकडे थेंब होते आणि लिंबू होतं. चांगली धडधाकट दिसणारी पोरं आमच्या काट्यावर उतरता उतरता हातातून गेली, त्यांचे चेहरे मला अजून येतात. डॉक्टरांनी पुढे आपलं सगळं काम मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत वाचलं. मी विचारलं, "हळदीचं सांगितलं का?" ते म्हणाले, "सांगितलं. त्यांना वाटलं मी हळदीला औषध म्हणतोय."

रुखमा मात्र राहिली. दर वर्षी तूर निघाली की इंझोरीहून यायची, काट्यावर बसायची, शेंगांचं गाठोडं माझ्या हातात द्यायची. दुसरं मूल नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते सासूने नातेवाइकांशी भांडून पाळलं. धाप गेली नाही, पण बेतात राहिली. लेकराला तिने शाळेत धाडलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी निरोप आला की ठगूबाई गेली. मी इंझोरीला गेले. टोपी घालणं केव्हाच सुटलं होतं. ताटं मांडली होती, सुतकाचं जेवण. माझ्या पानात भाजी पडली तर ती पिवळी. शेजारी बसलेल्या भावकीतल्या एका म्हातारीनेही बघितलं.

"काय वं रुखमे, सुतकात हयद?"

रुखमा वाढत राहिली. भाजी अळणी होती, कुणाच्या ताटात मीठ नव्हतं. "ज्या बाईनं मले हयद घालून जितं ठेवलं," ती म्हणाली, "तिच्या नावानं मी बिनहयदीचं नाई रांधत. मीठ नाई घातलं. तुमची रीत तेवढी राहिली."

म्हातारीने घास घेतला. पंगत जेवली. नंतर रुखमा हात धुऊन माझ्यापुढे बसली, जरा धापत होती. तिने आपलं मनगट माझ्या मांडीवर ठेवलं, जसं दर वर्षी काट्यावरून उतरल्यावर ठेवायची.

मी बोट ठेवलं. घड्याळ काढायची गरज वाटली नाही.

"लाभ," मी म्हटलं.